विचारताना अक्कल लागते

रत्नागिरीच्या ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायला रुजू झाले तेव्हा प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो. मी आणि अण्णा गुरव. मी एम.एस्सी., अण्णा सातवी पास. प्रयोगशाळा नेमकं कोण चालवतं हे मला पहिलं सत्र संपताना समजलं, आणि ते मी नव्हते.

अण्णा हुद्द्यानं शिपाई. खाकी पँट, वर पांढरा सदरा, कपाळावर उभं गंध. अंगानं काटकुळे, पण हात मोठे आणि कमालीचे स्थिर. बेडकाच्या मेंदूची नस पोरांना चिमट्यानं उचलून दाखवावी ती त्यांनीच. माझ्या हातून ती दहातली चार वेळा तुटायची. तुटली की अण्णा दुसरा बेडूक पुढं सरकवत आणि म्हणत, “ह्याची बघा, ह्याची जरा बरी हाय.” दोष बेडकाचा, बाईंचा नाही. माणसाला सांभाळून घेण्याची ही त्यांची पद्धत होती.

कॉलेज सुटलं की अण्णा एस.टी.नं तासाभरावरच्या तळेकोंड गावी जायचे. तिथं ते शिपाई नव्हते. ग्रामदेवतेचे पुजारी होते. पहाटे विहिरीवर आंघोळ, पूजा, मग पहिल्या गाडीनं कॉलेज. दिवसभर फॉर्मॅलीन आणि बेडूक, संध्याकाळी परत आंघोळ आणि दिवाबत्ती. “अण्णा, सकाळी देव आणि दुपारी बेडूक, हे जमतं कसं?” असं मी एकदा गमतीनं विचारलं. ते म्हणाले, “दोघांच्या मधी मी दोन घागरी वततो ना.”

तळेकोंडच्या देवाचा कौल घ्यायला लांबून माणसं येत. मी वाईकडची, आमच्याकडं हा प्रकार माहीत नव्हता, म्हणून एका रविवारी मुद्दाम बघायला गेले. अण्णा गाभाऱ्यात उभे. तगरीच्या पाकळ्या पाण्यात भिजवून त्यांनी मूर्तीच्या छातीवर उजवीकडं एक आणि डावीकडं एक अशा चिकटवल्या. मग प्रश्न विचारला आणि हात बांधून बाजूला झाले. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी मिनिटात पडायची, कधी तासभर नाही. माणसं तोवर हूं का चूं न करता बसून राहत. जमिनीची वाटणी, पोरीचं स्थळ, आजारी म्हशीचं औषध, सगळं त्या दोन पाकळ्यांवर. मी विज्ञानाची बाई, मला हसू आवरत नव्हतं. अण्णांनी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी त्यांना विचारलं, “काय हो अण्णा, पाकळी थोडी ढिली लावली तर हवं ते उत्तर मिळेल की.”

त्यानंतर अण्णा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. काम चोख. बेडूक वेळेवर, काचपट्ट्या पुसलेल्या. नवव्या दिवशी आपणहून म्हणाले, “बाई, लावायचा माज्या हातात हाय. पडायचा नाय. ज्या दिवशी ता माज्या हातात येईल त्या दिवशी मी देवळात पाय ठेवायचा नाय.” मी माफी मागितली. ती त्यांनी मान हलवून घेतली आणि मला ब्रशनं पुसलेला सूक्ष्मदर्शक आणून दिला.

पण या माणसाची खरी कारागिरी पाकळी लावण्यात नव्हती, प्रश्न विचारण्यात होती, आणि ती मला जूनमध्ये कळली.

त्या काळी डॉक्टरकीचा प्रवेश बारावीच्या मार्कांवर. अर्जावर कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमानं लिहायची, आणि जे नाव लिहिलं नाही तिथं जागा रिकामी असली तरी तुमचा विचार होत नसे. रत्नागिरीत मेडिकल कॉलेज नव्हतं, त्यामुळं कुठं जायचं हा प्रश्नच होता. मी जुन्या विद्यार्थ्यांच्या पत्रांवरून आणि वर्तमानपत्रांतल्या कात्रणांवरून मागल्या वर्षी कुठं किती मार्कांना प्रवेश थांबला याची यादी करून फळ्याशेजारी लावायची. मुलं ती उतरवून घ्यायची. अण्णाही डबा खाताना तिच्यासमोर उभे राहायचे आणि बोटानं ओळी मोजायचे. मला वाटायचं, विरंगुळा असेल.

तो विरंगुळा नव्हता. पालक माझी यादी घरी न्यायचे आणि रविवारी तीच यादी घेऊन तळेकोंडला अण्णांच्या पुढ्यात बसायचे. “मुंबईसाठी लावा. मग पुण्यासाठी. मग मिरज, सोलापूर.” एकेका नावावर एकेक कौल. उजवा पडेल तेवढीच नावं अर्जात घालायची. बरं, एकदा विचारलेलं परत विचारायचं नाही आणि मिळालेलं उत्तर मोडायचं नाही, हा तिथला कायदा. म्हणजे चार नावांना चार वेळा डावा पडला तर पोराची डॉक्टरकी तिथंच संपली. हिशेब मला कळत होता.

अण्णांना तो माझ्याआधी कळला होता. एकदा जयगडच्या एका खलाशाची बायको मुलाला घेऊन आली. नवरा बोटीवर, तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, भावाकडून सात कॉलेजांची नावं कागदावर लिहून आणलेली. मी त्या रविवारी तिथंच होते. अण्णांनी कागद उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, “ताई, पोराला दाक्तर व्हायचाय की अमुक गावचा दाक्तर व्हायचाय?”

“दाक्तर झाला म्हंजे झाला,” ती म्हणाली.

“मग देवाला सात वेळा कशाला तरास?” असं म्हणून त्यांनी पाकळ्या लावल्या आणि विचारलं, “बा महाराजा, ह्या पोरान मिळंल त्या कॉलेजात दाक्तरकी शिकायची, तर तुजी काय मनाई हाय काय?” अर्ध्या तासानं डावी पाकळी पडली. मनाई नाही. बाई सातही नावं घालायला मोकळी झाली. मुलगा सोलापूरला लागला, यादीतल्या सहाव्या नावाला.

परतताना मी म्हटलं, “अण्णा, उजवी पडली असती तर?”

“तर मनाई. घरी बसला असता.”

“आणि तुम्ही गप्प बसला असता?”

“बाई, इचारताना अक्कल लागते. आयकताना लागत नाय.”

हे वाक्य ते वारंवार म्हणत. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक यायचे. एखाद्यानं पोराला गोंधळात टाकणारा प्रश्न विचारला की अण्णा मागून काचेचं भांडं जरा जोरात ठेवायचे. परीक्षक वळून बघायचा, आणि बहुधा प्रश्न नव्यानं विचारायचा. मुलांची अण्णांवर भक्ती होती ती अशी. देवाबिवाशी तिचा संबंध नव्हता.

सुमन ही अण्णांची एकुलती मुलगी. माझ्याच वर्गात होती. वडलांसारखी काटकुळी, हात वडलांसारखेच. बेडकाची नस तिच्या हातून एकदाही तुटली नाही. बारावीला तिला उत्तम मार्क पडले, मात्र मुंबईला प्रवेश मिळण्याइतके नव्हते. माझ्या यादीप्रमाणं मुंबई दोन-तीन मार्कांनी हुकत होती, मिरज सहज मिळत होतं. मी यादीवर पेन्सिलीनं खूण करून अण्णांना दाखवली. त्यांनी ती मनात आधीच केली होती.

“मग लिहा मिरज,” मी म्हटलं.

“इचारल्याबिगर कसा लिव्हू? मी गावाला शिकवला, तोच मी बिनइचारता धाडू?”

आणि इथं एक अडचण होती, जी माझ्या लक्षातच आली नव्हती. घरच्या कामाचा कौल घरच्यानं लावायचा नाही आणि प्रश्नही घरच्यानं घालायचा नाही. पाकळ्या लावणार होता अण्णांचा वेगळ्या चुलीचा चुलतभाऊ शिवा. प्रश्न घालणार होते गावचे मानकरी तात्या खोत. तात्या माणूस चांगला, आवाज खणखणीत, पण डोक्यापेक्षा आवाजच पुढं. अण्णांनी त्यांना आदल्या दिवशी घरी जाऊन कसं विचारायचं ते समजावलं. तात्या म्हणाले, “मला काय शिकवतोस गुरवा, मी तुझ्या जन्माआधीपासून देवाला गाऱ्हाणी घालतोय.”

रविवारी काय झालं ते मला अण्णांनी सोमवारी सांगितलं, बरण्या पुसता पुसता.

“तात्यान इचारलान, पोरीला मुंबईला घालू काय? उजवा पडला. लोक उठायला लागले. मला वाटला, सुटलो, बाकीच्याचा काय इचारलाच नाय, म्हंजे मनाई नाय. तर तात्याला हुरूप आला. परत पाकळ्या लावायला लावल्यान आणि इचारलान, मुंबई सोडून भायर घालू काय? डावा पडला.”

“म्हणजे मिरजेला मनाई.”

“मिरजेला, सोलापूरला, सगल्याला.”

“अण्णा, तात्यांचा प्रश्न चुकला.”

“चुकला. माज्या डोळ्यांदेखत चुकला. मी खांबाला टेकून हुबा होतो, तोंड उघडायची सोय नाय.” बरणी त्यांनी फडताळात ठेवली. “पण इचारून झाला ना.”

मी त्या आठवड्यात अण्णांशी जेवढं भांडले तेवढं आयुष्यात कुणाशी भांडले नाही. पोरीच्या नशिबाचं वाटोळं करताय म्हटलं. दुसऱ्यांच्या पोरांना वाट काढून दिलीत आणि स्वतःच्या पोरीच्या वेळी भिंत होऊन बसलात म्हटलं. अण्णा ऐकून घेत आणि कामाला लागत. सुमनशी बोलले तर ती म्हणाली, “बाई, कौल मोडायचं आमच्या घरात कुणी मनातसुद्धा आणणार नाही. मी बी.एस्सी. करीन.” सतरा वर्षांची पोर, डोळे कोरडे. मला तिचा राग आला आणि रडूही आलं.

अर्ज पोस्टात टाकायच्या शेवटच्या दिवशी दुपारी अण्णा माझ्या टेबलाशी आले. हातात सुमनचा अर्ज. तिची सही झालेली, अण्णांची सही झालेली. पसंतीच्या रकान्यात मुंबईच्या कॉलेजांची नावं सुमनच्या अक्षरात, आणि त्यांच्याखाली रिकाम्या ओळी.

“बाई, येवडा बघून घ्या. काय ऱ्हायला असंल तर भरा,” ते म्हणाले. माझं पेन टेबलावर होतं, ते त्यांनी उचलून अर्जाशेजारी ठेवलं आणि मागच्या दारानं बेडकांच्या टाकीकडं निघून गेले.

मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी मिरज लिहिलं, सोलापूर लिहिलं, औरंगाबाद, नागपूर, ओळी संपेपर्यंत लिहिलं. अक्षर शक्य तेवढं सुमनसारखं काढलं. अण्णा पंधरा मिनिटांनी आले. अर्ज मी पालथा ठेवला होता. तो त्यांनी तसाच पालथा उचलला, पाकिटात घातला, डिंक लावला आणि रजिस्टर करायला पोस्टात गेले. एकदाही वाचला नाही.

मला त्या दिवशी खरं तर गंमत वाटली होती. अण्णांनी शेवटी पळवाट काढलीच, आपण लिहिलं नाही, आपल्याला ठाऊक नाही, देवही खूश आणि पोरगीही खूश, असं मनात म्हणत मी घरी गेले. घरी जाऊन यजमानांना तिखटमीठ लावून सांगितलं, “आमच्या अण्णांनी देवाला बनवलं.” आम्ही दोघं हसलो. त्या हसण्याची मला पुढं फार लाज वाटली.

सुमनला मिरज मिळालं. पेढे घेऊन ती प्रयोगशाळेत आली, माझ्या पाया पडली आणि हळूच म्हणाली, “बाई, तुम्ही परस्पर नावं घातलीत ना? अक्षर तुमचं आहे, मला इंटरव्ह्यूला अर्ज दाखवला तेव्हाच कळलं. अण्णांना सांगू नका हं. त्यांना कळलं असतं तर त्यांनी अर्ज फाडून टाकला असता.”

अण्णा चार हातांवर मोरीत काचेची भांडी धूत होते. नळ चालू होता, पण ऐकू न जाण्याइतका मोठा नव्हता. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मी सुमनला म्हटलं, “नाही सांगणार.”

गावात कुणाला प्रश्न पडला नाही. अर्ज मुंबईचाच केला, देवाचा शब्द पाळला, पुढं सरकारनं मिरजेला घातलं तर त्याला कोण काय करणार, अशी सगळ्यांची समजूत. तात्या खोत तर म्हणाले म्हणे, “देवान मार्ग दाखवला, गाडी सरकारान वळवली.”

गणपती झाल्यावर कधीतरी मला कळलं की तळेकोंडची पूजा आता शिवा करतो. अण्णांनी गावाला खांदा दुखतो म्हणून सांगितलं होतं. मूर्ती उंच, हात पोचत नाही. मी बघत होते की प्रयोगशाळेत तोच खांदा वरच्या फडताळातून दहा किलोच्या बरण्या उतरवत होता.

दोन-तीन दिवस मी थांबले, मग मुलं गेल्यावर विचारलं. अण्णांनी आधी काचपट्ट्यांचा डबा बंद केला.

“बाई, मी माणसांना सांगायचो, आयकताना अक्कल लावायची नाय. आता कुटल्या तोंडान सांगू?”

“तुम्ही कुठं काय केलंत? लिहिलं मी.”

ते माझ्याकडं बघून हसले. लहान पोराच्या थापेला हसावं तसं. “पेन कुनी ठेवलान?”

मी विचारलं, “पाप लागलं असं वाटतं का तुम्हाला?”

“पापाबिपाचा काय नाय. पोर गेली ता बरा झाला. परत येळ आली तर परत पेन ठेवीन.” मग ते आपल्या हातांकडं बघत म्हणाले, “पन आता ह्या हातान पाकळी लावली नि ती पडली, तर ती देवान पाडलान की माज्या मनान, ता मला कसा कळणार? आदी कळायचा. आता नाय कळत. मग लोकांना फसवायचा कशाला?”

पाकळी ढिली लावण्याचा जो प्रश्न विचारल्यावर ते आठ दिवस माझ्याशी बोलले नव्हते, तो मला आठवला. त्याचं उत्तर म्हणून त्यांनी देऊळ सोडलं. ती चार-पाच नावं लिहायला मला दोन मिनिटं लागली होती, आणि अण्णांना त्यांची किंमत लिहिण्याआधीपासून ठाऊक होती. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही.

नंतरची वर्षं अण्णा प्रयोगशाळेतच होते. जूनमध्ये पालक अजूनही त्यांना शोधत यायचे. अण्णा त्यांना फळ्याशेजारी उभं करायचे आणि म्हणायचे, “बाईंची यादी बघा. खालपर्यंत सगली नावं घाला. एक ओळ रिकामी ठेवू नका.” लोक हिरमुसून जायचे. गुरव देवाचं सोडून बाईंच्या नादी लागला, असंही कुणी म्हणालं. बेडकाची नस ते पूर्वीसारखीच काढायचे. तिथं हात थरथरला नाही.

सुमन डॉक्टर झाली त्या वर्षी तळेकोंडच्या जत्रेला मला मुद्दाम बोलावणं आलं. सभामंडप भरलेला. सुमन पुढं, गावानं दिलेला नारळ हातात घेऊन. शिवा गाभाऱ्याच्या उंबऱ्यात, आणि तात्या खोत गाऱ्हाणं घालायला उभे. गाऱ्हाण्याचं एक वाक्य संपलं की सगळ्या गावानं एका आवाजात होकार भरायचा, अशी रीत.

“बा महाराजा,” तात्या म्हणाले, “ह्या लेकीच्या बापान तुजा सबूद मोडला नाय.”

“होय महाराजा,” सगळं गाव म्हणालं. सुमनचा आवाज त्यात वेगळा ऐकू आला, स्वच्छ आणि मोठा.

“तू मुंबई सांगितलीस, त्यान मुंबईच लिव्हलान.”

“होय महाराजा.”

“म्हनून तू तिला दाक्तर करून गावात आनलीस.”

“होय महाराजा.”

मी मागं होते. वळून अण्णांना शोधलं. ते सभामंडपात नव्हते. बाहेर पायरीच्या खाली, जिथं लोकांनी चपला काढल्या होत्या, तिथं ते उभे होते, हात बांधून. ओठ मिटलेले. आमची नजरानजर झाली. त्यांनी नको म्हणून मान थोडी हलवली, जणू मी काही बोलेन अशी त्यांना शंका आली होती.

गाऱ्हाणं संपल्यावर सुमन गर्दीतून वाट काढत दारापर्यंत आली. “अण्णा, आत या की. पहिला नारळ तुमच्या हातानं वाढवायचाय.”

“शिवाच्या हाती दे. तू हो फुडं,” अण्णा म्हणाले. “मी हितं चपलांवर नजर ठेवतंय.”

ती हसली आणि आत गेली. शंभर-दीडशे चपला असतील, बहुतेक झिजलेल्या. तळेकोंडात कधी कुणाची चप्पल चोरीला गेल्याचं मी ऐकलं नव्हतं.